तुरीच्या तासाखालचा खड्डा : विदर्भातल्या एका पुरलेल्या मृतदेहाच्या तपासाचं प्रकरण

(गाव, तालुका आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खटला न्यायालयात आहे, त्यामुळे साक्षीपुराव्याचा बराचसा भाग इथे घेतलेला नाही. लिहिणारा न्यायवैद्यक विभागाच्या पथकात होता.)

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातलं भारी काळ्या जमिनीचं गाव. कापूस, सोयाबीन आणि मध्ये मध्ये तुरीची तासं, म्हणजे ओळी. वर अडीच-तीन फूट काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळट थर. उन्हाळ्यात जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मिरगाच्या पावसानंतर त्याच भेगा मिटून पायाला किलो-किलो चिखल लागतो.

मृत इसम सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर राबणारा गडी होता, नदीपलीकडच्या गावचा. सालदाराचं साल पाडव्याला संपतं. हिशेब होतो, तो नवा मालक धरतो किंवा जुन्याकडेच राहतो. म्हणजे वर्षात एक दिवस असा असतो की माणूस दिसेनासा झाला तरी कोणाला त्याचं नवल वाटत नाही. मालक समजला, पोरगा घरी गेला. आईला वाटलं, दुसऱ्या गावी साल धरलं असेल, फोन बिघडला असेल. हरवल्याची तक्रार आली तेव्हा पोळाही होऊन गेला होता.

त्याच पाडव्याला मालकाने ते शेत मक्त्याने दुसऱ्याला दिलं. मक्तेदाराने तूर-सोयाबीन पेरलं. रानडुकरं आणि रोह्यांच्या (नीलगाईंच्या) त्रासाने त्याने पावसाळ्यात धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेने तार ओढून रात्री तिच्यात सरळ लाइनचा करंट सोडला होता. हे बेकायदेशीर आहे, जीवघेणं आहे, आणि अख्ख्या गावाला माहीत होतं.

माघात तूर सोंगून झाल्यावर धुऱ्यालगत खांब रोवण्यासाठी मजूर सब्बल (पहार) मारत होते. तिसऱ्या खड्ड्यात सबलीबरोबर कापडाची चिंधी आणि उग्र वास वर आला. त्यांनी काम थांबवून पोलीस पाटलांना कळवलं. या सगळ्या प्रकरणातला पहिला शहाणपणाचा निर्णय त्या मजुरांचा होता.

प्रश्न काय होता

संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागलेला होता: मक्तेदाराच्या तारेला चिकटून माणूस मेला आणि त्याने भीतीपोटी तिथेच पुरला. मक्तेदाराला ठाण्यात बसवलं होतं. मालक स्वतः पोलिसांना चहा-पाणी पाहत होता आणि तार कुठून कुठे ओढली होती ते दाखवत होता.

मक्तेदार एवढंच म्हणत होता की तार मी लावली, पण माणूस मी पुरला नाही.

म्हणजे ‘कोण’ आणि ‘कसा’ याआधी ‘केव्हा’ याचं उत्तर हवं होतं. पावसाळ्यात पुरला असेल तर संशय मक्तेदारावर. पेरणीआधीचा असेल तर तारेचा सगळा सिद्धांत गळून पडतो, कारण तेव्हा शेतात राखायला पीकच नव्हतं आणि तारही नव्हती.

पहिला निर्णय : आत्ता की उद्या

ठाणेदार आणि तहसीलदार पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. पुरलेला मृतदेह तपासणीसाठी बाहेर काढायचा तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये तशी तरतूद आहे आणि आपल्याकडे तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून ते काम करतात. आदेश लगेच निघाला असता. जेसीबीही बाजूच्या पांदण रस्त्याच्या कामावर उभा होता. गर्दीचं म्हणणं होतं, लाइट लावा आणि काढून टाका.

त्या वेळी काढण्याच्या बाजूची कारणं अगदीच पोकळ नव्हती. रात्रभर जमाव थांबेल, तणाव वाढेल, कोणी पुरावा हलवेल. सकाळपर्यंत थांबण्याच्या बाजूने एकच कारण होतं, पण ते भारी होतं: मातीच्या रंगातला फरक बॅटरीच्या उजेडात दिसत नाही. इतके महिने जमिनीत असलेल्या देहाचं आणखी बारा तासांनी काही बिघडत नाही. खड्ड्याचं मात्र जेसीबीच्या एका फेऱ्यात सगळं बिघडतं.

तहसीलदारांनी सकाळ निवडली. जागेवर ताडपत्री, भोवती दोरी, दोन शिपाई आणि गावचा कोतवाल. कोणीतरी वासासाठी फिनाईल आणून शिंपडायला निघालं होतं, त्याला अडवलं. जंतुनाशक पडलं की पुढे विषाच्या तपासणीत त्याचाच गोंधळ होतो.

दुसरा निर्णय : खोदायचं कसं

सकाळी तीन पर्याय समोर होते. जेसीबीने वरची माती ओढून खाली हाताने काढणं. मजूर लावून टिकास-फावड्याने सरळ खाली जाणं, जे बहुतेक वेळा होतं. किंवा पुरातत्त्वाच्या खोदकामासारखं थर पाहत, थापी आणि खुरप्याने, चाळणी लावून उतरणं. तिसऱ्याला जवळजवळ पूर्ण दिवस लागणार होता. पहिल्या दोन पर्यायांत पंचनाम्यात ‘अंदाजे तीन फूट खोल खड्ड्यात कुजलेल्या अवस्थेत प्रेत मिळून आले’ एवढं एक वाक्य येतं आणि खड्डा संपतो.

न्यायवैद्यकाच्या डॉक्टरला सवय असते टेबलावर आलेला देह पाहण्याची. खड्डा हा त्याच्या लेखी देहापर्यंत पोहोचण्यातला अडथळा. पण पुरलेल्या देहाच्या बाबतीत कालाचा जास्त भरवशाचा साक्षीदार बहुधा खड्डाच असतो. तो कशाला छेदून गेला आहे आणि त्याला कोण छेदून गेलं आहे, हे पाहता आलं पाहिजे.

आणखी एक सूचना आली होती: जमिनीत पाहणारं रडार मागवावं, म्हणजे आणखी काही पुरलं असेल तर कळेल. वालुकामय जमिनीत ते यंत्र चांगलं चालतं. आपली काळी चिकण माती ओलाव्याने विजेची चांगली वाहक होते आणि लहरी थोड्याच खोलीवर विरतात. तो विचार तिथेच सोडला.

तिसरा पर्याय घेतला. खड्ड्याची मूळ भिंत शाबूत ठेवून फक्त आतली भरण काढायची आणि आधी लांबीच्या अर्ध्या बाजूची काढायची, म्हणजे मधोमध उभा छेद दिसेल.

जमिनीने काय दाखवलं

ताडपत्री काढल्यावर दिसायला काहीच नव्हतं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की पुरल्या जागी जमीन खचते आणि नंतर पोट बसल्यावर त्याच्या आत आणखी एक खोलगट भाग तयार होतो. न नांगरलेल्या रानात हे खरं आहे. वखर फिरणाऱ्या शेतात ती खूण टिकत नाही.

दिसत होतं ते तुरीचं तास. सोंगणीनंतर राहिलेली धसकटं धुऱ्याला समांतर एका ओळीत उभी होती. सबलीने एक धसकट उखडलं होतं. बाकीची ओळ जागेवर होती आणि ती संशयित जागेवरून सरळ पुढे गेलेली होती. त्या पाच-सहा फुटांतली धसकटं मात्र करंगळीएवढी बारीक, दोन्ही बाजूंची अंगठ्याएवढी.

मक्तेदाराची बायको लांब उभी होती. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तेवढ्या जागची तूर औंदा उठलीच नाही सायेब. खाडे भरले, तरी बारीकच. आमाले वाटलं, मुरूम लागला असंल खाली.” नवरा ठाण्यात असलेल्या बाईचं बोलणं म्हणून ते कोणी लिहून घेतलं नव्हतं. आम्ही ते तिथेच लिहून घेतलं.

धसकटांची मापं आणि फोटो घेतल्यावर खुरप्याने वरची माती उतरवली. साधारण वीतभर खोलीपर्यंत माती आत-बाहेर एकसारखी, वखराने फिरवलेली. त्याखाली खड्ड्याची कड उमटली. बाहेर सलग काळी माती आणि आत काळ्यात पिवळट ढेकळं व चुनखडीचे पांढरे खडे. खालचा थर वर आला होता, म्हणजे कोणीतरी तीन फूट उतरलं होतं. वखराचा थर मात्र खड्ड्यावरून अखंड गेला होता. खड्डा आधीचा, मशागत नंतरची.

मग छेद. तुरीची सोटमुळं भरणीतून सरळ खाली गेलेली, कुठेही तुटलेली नाहीत. तूर उभी असताना कोणी खड्डा खणला असता तर मुळं कडेला कापलेली मिळाली असती आणि ओळीत खिंडार पडलं असतं. दोन फुटांच्या खाली मुळं आडवी वळली होती. ती का वळली ते आणखी थोडं खाली गेल्यावर कळलं: ओलसर पांढरट खडे, दाट थर. मीठ. तूर मिठाला फार नाजूक. वरची धसकटं बारीक का, याचंही उत्तर तेच.

प्रयोगांत याच्या उलट चित्र जास्त दिसतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 1980च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांच्या एका गटाने डुकरांची कलेवरं पुरून त्या जागांवर वनस्पती, माती, कुत्री, यंत्रं यांची वर्षानुवर्षं चाचणी घेतली. पुरलेल्या जागेवरची वनस्पती आजूबाजूपेक्षा वेगळी दिसते, हे अशाच कामातून पक्कं झालं. कुजणाऱ्या देहाचं खत मिळून पुढे झाडं जोमाने वाढतात असंही आढळतं. पण ‘जोमाची झाडं शोधा’ असा नियम घेऊन या शेतात फिरलो असतो तर बरोबर या जागेला वळसा घालून गेलो असतो.

देहाने काय दाखवलं आणि काय लपवलं

देह कुशीवर, गुडघे पोटाशी. चेहरा आणि हातांची हाडं उघडी पडलेली. मांड्या आणि नितंबांवर राखाडी-पांढरा, साबणासारखा थर: ओल आणि हवेचा अभाव असला की शरीरातल्या चरबीचं असं रूपांतर होतं, त्याला ॲडिपोसिर म्हणतात. चिकण माती त्याला सोयीची. पाठीची कातडी मिठाने ताठ होऊन टिकलेली. सोबत आलेल्या एका अनुभवी हवालदारांनी पाहताक्षणी सांगितलं, “तीन-चार महिन्यांच्या वर नाही.” पावसाळ्याच्या हिशेबात हे अगदी चपखल बसत होतं.

गावाकडे पुरताना मीठ घालतात ते देह लवकर मातीत मिळावा म्हणून. मीठ करतं उलटं. ते पाणी शोषतं आणि जंतूंना आवर घालतं, पापडा-लोणच्यात करतं तेच. चुन्याबद्दलही हाच गैरसमज जगभर आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी डुकरांची कलेवरं चुन्यासह आणि चुन्याशिवाय पुरून पाहिली आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केलं की चुन्याने कुजणं लांबतं. ज्याने कोणी इथे मीठ ओतलं, त्याने पुरावा नष्ट करायचा म्हणून तो जपून ठेवला.

देहाच्या अवस्थेवरून काळ सांगण्याची खोड किती महागात पडते, याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या टेनेसीचं आहे. 1977 मध्ये उकरलेल्या थडग्यातला देह पाहून मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी मृत्यू वर्षभराच्या आतला असावा असं सांगितलं. तो निघाला 1864च्या यादवी युद्धात मेलेल्या कर्नल शाय यांचा, रसायनं भरून लोखंडी शवपेटीत ठेवलेला. अंदाज 113 वर्षांनी चुकला. बास यांनी ते लपवलं नाही. 1981 साली नॉक्सव्हिल इथे दान मिळालेल्या देहांवर प्रयोग करणारं संशोधन केंद्र त्यांनी सुरू केलं. तिथेच रॉड्रिग्ज आणि बास यांनी 1, 2 आणि 4 फूट खोलीवर देह पुरून पाहिले आणि 1985 मध्ये मांडलं की खोली वाढली की कुजण्याचा वेग मोठ्या प्रमाणात घटतो. माशा पोहोचत नाहीत आणि तापमान स्थिर राहतं.

तिसरा निर्णय : मत किती पुढे न्यायचं

शवविच्छेदन जागेवर न करता वैद्यकीय महाविद्यालयात केलं. डोक्याच्या उजव्या बाजूला मृत्यूच्या सुमाराचा अस्थिभंग होता, भरून येण्याची खूण नाही. करंटची खूण शोधायला हातापायांवर कातडीच उरली नव्हती, म्हणून ‘विजेचा धक्का नव्हता’ असं लिहिता येत नव्हतं आणि ते लिहिलं नाही. मांडीचं हाड आणि दाढा डीएनएसाठी गेल्या. खड्ड्याच्या वरची, बाजूंची, देहाखालची माती आणि लांबून तुलनेसाठी घेतलेली माती, प्रत्येकी साधारण अर्धा किलो, वेगवेगळी बंद केली.

तपास अधिकाऱ्यांना आकडा हवा होता. आकडा काढण्याच्या दोन वाटा हाताशी होत्या. एक, कॅस्परचा जुना नियम: देह सारखाच कुजायला हवेत एक आठवडा लागत असेल तर पाण्यात दोन, जमिनीत आठ. एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिनच्या डॉक्टरांनी ढोबळ तुलनेसाठी मांडलेलं ते प्रमाण आहे. आपल्याकडे ते अजून तोंडपाठ म्हटलं जातं. दुसरी, रोजच्या तापमानाची बेरीज करून काळ काढण्याची पद्धत. ती जास्त शास्त्रीय, पण 2005 मध्ये मेगेसी आणि सहकाऱ्यांनी बसवलेलं तिचं प्रचलित सूत्र उघड्यावरच्या देहांचं. आपल्याकडे मे महिन्यात हवामान केंद्र 45 अंश दाखवतं, तीन फूट खाली तो चढउतार पोहोचत नाही. त्यात मीठ. दोन्ही वाटा सोडल्या.

काळाची दुसरी हद्द चाळणीत सापडली. देहाखालच्या मातीत प्लॅस्टिकच्या गोणीचा तुकडा होता, मिठाच्या. काठावर पॅकिंगचा शिक्का, निम्मा पुसलेला. प्रयोगशाळेत वेगळ्या प्रकाशात महिना आणि वर्ष वाचता आलं: तूर पेरली त्याच वर्षाचा जानेवारी. गोणी भरली जाण्याआधी ती खड्ड्यात जाऊ शकत नाही. तूर पेरल्यानंतर खड्डा होऊ शकत नाही. म्हणून मत असं लिहिलं: ‘खड्डा जानेवारीनंतर आणि त्या हंगामातली तूर पेरण्यापूर्वी केलेला आहे. यापेक्षा नेमका काळ खड्डा व मृतदेह यांवरून सांगता येत नाही.’

यावर ठाणेदारांशी बरीच चर्चा झाली. तारेचा सिद्धांत पडला हे त्यांनी मान्य केलं. पण मक्ता सुरू झाला पाडव्याला, म्हणजे मार्चअखेर. जानेवारी ते जून या पट्ट्यात मालकही येतो आणि मक्तेदारही. “पाडव्याच्या आधीचा, एवढं लिहा ना डॉक्टरसाहेब. तुम्हालाही तसंच वाटतंय.” वाटत होतंच. मीठ गुरांच्या गोठ्यातलं, गोठा मालकाचा. पण ते वाटणं मातीतून आलेलं नव्हतं, ते तपासातून आलेलं होतं आणि ते तपासानेच सिद्ध करायचं होतं. उलटतपासणीत वकिलाने ‘पाडव्याच्या आदल्या दिवशीचा आणि नंतरच्या दिवशीचा खड्डा कसा ओळखता’ एवढं विचारलं असतं तर उरलेलं खरं मतही बुडालं असतं.

निष्पत्ती

डीएनए आईशी जुळला. मक्तेदारावर बेकायदेशीर करंटची स्वतंत्र कारवाई झाली. खुनाच्या संशयातून त्याचं नाव निघालं ते फक्त आमच्या मतामुळे नाही, मोबाइलच्या नोंदींनी मृताचा शेवटचा ठावठिकाणा पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात मालकाच्या गोठ्याजवळ दाखवला आणि सालाच्या हिशेबावरून झालेलं भांडण पाहणारे दोघे पुढे आले. मालक आणि त्याच्या एका नातेवाइकावर दोषारोपपत्र दाखल आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या संध्याकाळी ताडपत्री टाकण्याआधी पंचवीसेक माणसं त्या जागेवरून फिरून गेली. तासातली आणखी दोन धसकटं पायाखाली मोडली. नशिबाने त्यांची मुळं खाली शाबूत होती. दोरी आधी, चौकशी नंतर, हा क्रम पोलीस पाटलांपर्यंत पोहोचायला हवा, कारण पहिला तास त्यांच्याच हातात असतो.

खोदताना देहाच्या पातळीवरचं मातीचं तापमान नोंदवलं गेलं नाही. तापमापी शंभर-दोनशे रुपयांची. या मतात तिची गरज पडली नाही, पण पुढच्या अशाच प्रकरणाला ती नोंद कामी आली असती.

मक्तेदाराच्या बायकोला विचारण्याचं कोणी ठरवलेलं नव्हतं, ती समोर उभी होती म्हणून विचारलं गेलं. पिकाची रोजची माहिती ज्याला असते त्याचा जबाब, तो कोणाचा नातेवाईक आहे हे लिहून, पहिल्याच दिवशी घेतला पाहिजे.

तुलनेसाठीचा रिकामा खड्डा उशिरा सुचला. पुरण्याच्या प्रयोगांत नेहमी एक खड्डा काही न पुरता खणून तसाच बुजवतात, म्हणजे देहाचा परिणाम कोणता आणि नुसत्या खोदण्याचा कोणता हे वेगळं काढता येतं. शेजारच्या शेतकऱ्याने धुऱ्याकडचा कोपरा दिला, त्याच मापाचा खड्डा खणून बुजवला. पुढच्या पावसाळ्यानंतर तो उघडला तेव्हा वरची खूण पूर्ण गेलेली होती, खाली पिवळी ढेकळं काळ्यात तशीच ओळखू येत होती आणि त्यावरची तूर बाजूच्या तुरीएवढीच वाढली होती. बचाव पक्षाने ‘नुसत्या भुसभुशीत मातीने तूर खुरटली असेल’ असा मुद्दा काढला, तर तो फोटो सरकारी वकिलांच्या फाइलमध्ये आहे.

अर्थात तो एकच खड्डा, एकाच पावसाळ्यातला. विभागात आता परवानग्यांचे कागद फिरत आहेत: भारी जमीन, मध्यम जमीन आणि खारपाणपट्टा (जमिनीखालचं पाणी खारट असलेला भाग), प्रत्येक ठिकाणी मिठासह, मिठाशिवाय आणि रिकामा. डुकरं कोणत्या गावात पुरू देतील यावर सध्या अडलं आहे.